जायफळाचं आम्ल आणि एचआयव्ही



श्रीखंडात जायफळ किती किसायचं, यावरून आपल्याकडे घराघरांत मतभेद आहेत. माड-पोफळींच्या सावलीत वाढणारं हे झाड. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा त्याच्या जातीही दिल्या. या जायफळातून 1841 साली लायन प्लेफेअर या रसायनतज्ज्ञानं एक मेदाम्ल वेगळं काढलं. झाडाचं शास्त्रीय नाव मिरिस्टिका, म्हणून हे मिरिस्टिक आम्ल. 14 कार्बनची साधी साखळी. आपल्या खोबरेल तेलातही ते असतं.

आज मला बोलायचंय एचआयव्हीबद्दल. तर मग हे जायफळ कशाला, तेच सांगतो.

एचआयव्ही हा तसा दरिद्री विषाणू. जनुकं अवघी 9. आपल्या पेशीत शिरून तिच्याकडूनच तो स्वतःची प्रथिनं करवून घेतो. त्यातलं गॅग हे प्रथिन म्हणजे त्याचा सांगाडा. एका विषाणूला गॅगचे दोन-अडीच हजार रेणू लागतात, आणि ते पेशीच्या आवरणाला आतून चिकटून जमले तरच नवा विषाणू घडतो. आवरण मेदाचं. त्यावर गॅग टिकायचं कसं? इथं आपल्याच पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, विषाणूच्या कामाला जुंपलं जातं. गॅगच्या टोकाशी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असतं; त्याला हे विकर मिरिस्टिक आम्लाची शेपटी जोडतं. मिरकरवाडा बंदरात होडीचा नांगर गाळात रुतावा, तशी ती शेपटी आवरणाच्या मेदात रुतते.

शास्त्रज्ञांनी त्या ग्लायसिनच्या जागी अ‍ॅलानिन बसवून पाहिलं. फरक केवढा, तर एका कार्बनचा! शेपटी जोडलीच गेली नाही, आणि विषाणूही घडला नाही.

प्रथिन तयार होताना किंवा झाल्यावर त्यावर चढणारे असे साज आणखीही आहेत. विषाणूच्या बाहेरच्या जीपी-120 प्रथिनाचं निम्म्याच्या आसपास वजन तर नुसत्या शर्करेचं असतं. त्या शर्करेआड तो आपल्या प्रतिपिंडांना चकवतो.

आजची बहुतेक औषधं विषाणूच्या स्वतःच्या विकरांवर नेम धरतात. पण विषाणू सतत बदलतो आणि नेम चुकवतो. शेपटी जोडणारं विकर मात्र आपलं. ते बदलणं त्याच्या हातात नाही. म्हणून संशोधकांना त्यात आशा वाटते. अडचणही तिथंच आहे. आपल्या स्वतःच्या कितीतरी प्रथिनांना तीच शेपटी लागते, तेव्हा विकर सरसकट बंद पाडलं तर रोग्यालाही फटका बसायचा. मला विचाराल तर कल्पना नामी आहे, पण ती गोळीच्या रूपात हाती येण्याची वाट मोठी आहे. आणि हो, विषाणूला शेपटी मिळू नये म्हणून खोबरं-जायफळ सोडू नका. हे आम्ल शरीर स्वतःही बनवतं.

ती गोळी येईल तेव्हा येईल, पण आजवरची वाटचालही पाहा. भारतात एचआयव्ही 1986 साली मद्रासमध्ये उजेडात आणला डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थिरावलेल्या मराठी घरातल्या. तेव्हा एचआयव्हीवर एकही मान्य औषध नव्हतं. 1992 साली पुण्याजवळ भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली, आणि 1 एप्रिल 2004 पासून सरकारनं मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. आता बहुतेकांना तीन औषधांची मिळून रोज एक गोळी पुरते. ती नेमानं घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा राहिला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही.

तेव्हा गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनो, घरचे पाहतील म्हणून गोळ्यांची बाटली मुंबईत ठेवून येऊ नका. जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी, म्हणजे एचआयव्ही-उपचार केंद्रात औषध मोफत मिळतं. शंका असेल तर 1097 या एड्स मदतक्रमांकावर फोन करा. त्यालाही पैसे पडत नाहीत.