विषय लहान, शोध मोठा



इतिहासाच्या प्रकल्पासाठी विषय कोणता, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ‘शिवकाल’ किंवा ‘१८५७’ असे असते. त्यामागील आदर स्तुत्य आहे. परंतु ही विशाल क्षेत्रे झाली. विषय म्हणजे पुराव्याने उत्तर देता येईल असा नेमका प्रश्न.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ एवढ्याच काळातील पत्रे होती. आधी कागद, मग विधान, हा त्यांचा दंडक.

तुम्ही आपल्या गावापासून आरंभ करा. १९७२ च्या दुष्काळात गावात कोणती कामे निघाली? मजुरी किती मिळाली? त्यांतील कोणता तलाव, कोणता रस्ता आज टिकून आहे? ग्रामपंचायतीचे दप्तर पाहा, ग्रंथालयातील तत्कालीन वृत्तपत्रे चाळा आणि खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांना भेटा. तिन्ही साक्षी ताडून पाहा. जिथे त्यांच्यात मेळ बसत नाही, तिथेच खरे संशोधन सुरू होते. निष्कर्ष आधी ठरवून पुरावे वेचणे म्हणजे वकिली, इतिहास नव्हे.

आणि विलंब करू नका. त्या वेळी विशीत असलेली माणसे आज सत्तरीपार आहेत. पेशवेकालीन कागद दप्तरखान्यात तुमची वाट पाहतील. घरच्या ओट्यावर बसलेली आजी किती काळ पाहील? वही घेऊन तिच्यापाशी बसा. तुमचा विषय तिथे आहे.