जिना उतरलेल्या खाटा

उन्हाळा आपल्या देशात कोणाला नवा नाही. कांदा, वाळा आणि कैरीचे पन्हे यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तो सोसला. आणि कदाचित म्हणूनच, उन्हाने माणसे दगावतात ही गोष्ट नगरांच्या दप्तरी फारशी उतरली नाही. मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो, मूत्रपिंडाचा विकार लिहिला जातो, ऊन क्वचितच.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर चढला. संशोधकांनी पुढे एक साधीच युक्ती योजिली. दाखल्यावरील कारणांच्या नादी न लागता त्यांनी केवळ मृत्यू मोजले. त्या महिन्यात ते ४४६२ होते. २००९ आणि २०११ या वर्षांतील मे महिन्यांची सरासरी होती ३११८. उरलेल्या १३४४ मृत्यूंनी उन्हाकडेच बोट दाखविले.

त्याहून बोलकी हकीकत त्याच शहरातील एका रुग्णालयाची. तेथे प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या छपराखाली होता. त्या उन्हाळ्यात अंग तापलेली कितीतरी नवजात अर्भके दक्षता विभागात आणावी लागली. कक्ष पुढे खालच्या मजल्यावर नेण्यात आला. मागाहून हिशेब मांडला, तेव्हा अशा अर्भकांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटलेले आढळले. ना नवे औषध, ना नवे यंत्र. खाटा तेवढ्या जिना उतरल्या!

गांधीनगरच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. दिलीप मावळंकर आणि त्यांचे सहकारी यांच्या साह्याने महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेचा कृति-आराखडा अंमलात आणला. पारा ४५ अंशांवर जाण्याचा अंदाज आला की तांबडा इशारा. मग पाणपोया, सावलीच्या जागा, सज्ज रुग्णालये. पुढे नागपुरानेही २०१६ साली असा आराखडा केला. अहमदाबादेत वर्षाकाठी हजाराहून अधिक जीव वाचले असावेत, असा एका अभ्यासाचा अदमास आहे. मात्र अशा अदमासाच्या मर्यादा फार रुंद असतात, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

इशारा देणे त्या मानाने स्वस्त. पत्र्याच्या छपराखालील खोली थंड करणे हे खरे अवघड काम. २०१७ साली अहमदाबादेत सुमारे तीन हजार घरांच्या छपरांना पांढरा रंग देण्यात आला. चुन्यासारखा तो पांढरा थर ऊन परतवितो खरा. पण त्यावर धूळ बसते, पावसाने तो उडतो, आणि पुढच्या फाल्गुनात पुन्हा कुणीतरी शिडी लावून वर चढावे लागते.