वस्तुसंग्रहालये, समाजमाध्यमे आणि आपला ठेवा

(संस्थेच्या व्याख्यानमालेत खुलताबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही पुरातत्त्वाचे अभ्यासक नव्हे. कला शाखेची पदवी घेतली, तीत इतिहास हा विषय होता आणि पुढे पोटापाण्यासाठी बँकेत कारकुनी पत्करली. तेव्हा वस्तुसंग्रहालयांवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच ठरेल. परंतु आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती समाजाच्या कानावर घालावी, एवढ्यासाठीच कार्यवाहांचे निमंत्रण आम्ही स्वीकारले.

आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते. त्यांच्या पश्चात घरातली लोखंडी पेटी उघडली, तेव्हा तीत एक जुना कृष्णधवल फोटो निघाला. वेरूळच्या दहाव्या लेण्यासमोर वसतिगृहाची मुले ओळीने उभी आहेत आणि मधोमध कोट-चष्मा घातलेले एक भारदस्त गृहस्थ आहेत. आम्हांला फार आनंद झाला. तिथल्या तिथे मोबाइलने त्या फोटोचा फोटो काढला आणि ‘आपले जुने दिवस, वेरूळ’ एवढेच लिहून आपल्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. आठवडाभराने तोच फोटो परभणीच्या एका नातेवाइकाकडून आमच्याकडे परत आला. खाली ठळक अक्षरांत मजकूर होता : ‘१९३४ : बाबासाहेब वेरूळ लेण्यांत, अतिदुर्मीळ छायाचित्र.’

आता, १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यासाठी या भागात आले होते, हे खरेच आहे. त्याच प्रवासात दौलताबादच्या किल्ल्यावर पाण्याच्या हौदावरून त्यांचा जो अपमान झाला, तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. खऱ्या घटनेला खोटा फोटो चिकटला म्हणूनच तो सर्वांना पटला. आमच्या फोटोच्या पाठीमागे मात्र पेन्सिलने ‘वेरूळ, डिसेंबर ६८’ असे लिहिलेले होते, खाली नऊ नावे होती आणि औरंगाबादच्या एका स्टुडिओचा शिक्का होता. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चे. म्हणजे पाठ उलटून पाहिली असती तर शंकेला जागाच नव्हती. पण पाठ आम्ही गटावर टाकलीच नव्हती.

चार दिवसांनी आपल्याच संस्थेचे एक वयोवृद्ध सभासद बँकेत आले. काउंटरवर गर्दी होती. पासबुक पुढे सरकवून ते हळूच म्हणाले, “अरे, तो कोटवाला माझा बाप आहे. वसतिगृहाचा रेक्टर होता. तू त्याचं नाव खाल्लंस.”

“काका, मी तसं लिहिलं नव्हतं,” आम्ही म्हणालो.

“तू काहीच लिहिलं नाहीस, तेच सांगतोय,” ते म्हणाले.

आम्ही दुरुस्तीचा मजकूर लिहून पाठवला. जेमतेम दहा-बारा जणांनी तो पाहिला असेल. मूळ फोटो अजून फिरतो आहे. यंदाच्या चौदा एप्रिललाही तो आम्हांला दोघांकडून आला.

मित्रहो, वस्तुसंग्रहालयातील अभिरक्षक म्हणजे क्युरेटर नेमके काय करतो, हे आम्हांला त्या दिवशी प्रथम कळले. काचेच्या कपाटांची किल्ली सांभाळणारा माणूस, असेच आजवर वाटत होते. पण वस्तू दारात आली की तो आधी ती उलटी करतो. कोणाकडून आली, कुठे सापडली, कोणत्या तारखेला, हे नोंदवहीत लिहून वस्तूला क्रमांक देतो आणि मगच तिची पाटी लिहितो. आमच्या बँकेत व्हाउचरशिवाय एंट्री होत नाही आणि दिवसाचा मेळ बसल्याशिवाय कोणी घरी जात नाही, त्यातलाच हा प्रकार. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जाडजूड लेजरांचे शेवटचे दिवस होते. त्या वेळी आम्ही त्यांना हसत असू.

एकदा चिकटलेली पाटी किती चिवट असते, याचे उदाहरण आपल्या उशाशीच आहे. वेरूळच्या अकराव्या लेण्याला ‘दोन ताल’ म्हणतात. त्याचा तळमजला मातीने बुजलेला होता, म्हणून लोकांना दोनच मजले दिसत. १८७६ साली तो उघडा पडला, तीन मजले झाले. नाव मात्र दोन तालच राहिले. दहाव्या लेण्यात भगवान बुद्धांची भव्य मूर्ती धम्मोपदेशाच्या मुद्रेत बसलेली आहे, तरी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याला ‘सुतार की झोपडी’ आणि विश्वकर्म्याचे लेणे म्हणत आले. दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत, त्यावरून हे नाव पडले. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. सांगणारा कोणी नव्हता, एवढेच.

आणि आज सांगणारे उदंड झाले आहेत! तिकीट काढून आत गेले की समोर कैलास. तिथे रील काढणाऱ्यांची झुंबड असते. परग्रहावरच्या लोकांनी कैलास कोरला, असे सांगणाऱ्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, इसवी सनाचे आठवे शतक, आणि वरून खाली डोंगर फोडत आलेले छिन्नी-हातोड्याचे कारागीर यांच्यापेक्षा परग्रहवासीच लोकांना जवळचे वाटतात, याला काय म्हणावे? कैलासाकडे तोंड करून उभे राहिले की आपली बारा बौद्ध लेणी उजव्या हाताला. तिकडे वळणारी पावले थोडी असतात. एका परीने ते बरेच. तिथे अजून शांतता आहे.

ही शांतता आपल्या गावाच्या नशिबी मात्र नेहमी नसते. मार्च २०२५ मध्ये येथील औरंगजेबाच्या कबरीवरून देशभर वादंग उठले आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. ही कबर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणातले स्मारक. त्या दिवसांत आम्हांला लांबलांबच्या आप्तांचे फोन येत, “गावात काय चाललंय? मुलं सुखरूप आहेत ना?” आणि इकडे आम्ही काउंटरवर पेन्शनच्या स्लिपा भरत बसलेले. आपल्या गावाचे चित्र आपल्याला न विचारता दुसरेच कोणी रंगवते आहे, हा अनुभव खुलताबादकरांनी तेव्हा घेतला. जुन्या वास्तूबद्दल शांतपणे, पुराव्यानिशी चार गोष्टी सांगणारा माणूस जागेवर असणे म्हणजे काय, ते अशा वेळी उमगते.

तरीही समाजमाध्यमे वाईट, मोबाइल फेकून द्या, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. आपल्या समाजाने तर तसे म्हणूच नये. आपल्याकडे म्युझियमला ‘अजबखाना’ म्हणत. मुंबईत राणीच्या बागेतले संग्रहालय १८७२ मध्ये उघडले आणि प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ मध्ये. तिथे गांधार शैलीची बुद्धमुखे आली, राजांच्या तलवारी आल्या. पण आपल्या आजीचे जाते, शाहिराची खंजिरी, सभेचे हस्तपत्रक अशा वस्तूंना कपाटात जागा मिळायला फार काळ लागला. काय जपण्यालायक, हे ठरवणारे दार ज्यांच्या हाती होते, त्यांच्या डोळ्यांना आपण दिसत नव्हतो. मोबाइलने ते दार उघडले. आज खेड्यातली मुलगी आजोबांचा समता सैनिक दलातला फोटो जगाला दाखवू शकते, आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नाही. ही लहान गोष्ट नाही.

याचे आणखी मोठे उदाहरण गेल्याच वर्षीचे. उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे १८९८ साली स्तूपाच्या उत्खननात अस्थिकलश आणि रत्ने सापडली. रत्नांपैकी काही उत्खनन करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या कुटुंबाकडे राहिली. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांचा लिलाव पुकारला गेला. तथागतांच्या धातूंबरोबर श्रद्धेने अर्पण केलेली रत्ने दागिन्यांसारखी विकायची, या कल्पनेनेच जगभरचे बौद्ध व अभ्यासक हळहळले आणि हां हां म्हणता बोभाटा झाला. भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि ३० जुलै २०२५ रोजी ती रत्ने मायदेशी परतली. ती पिप्रहवाचीच, हे कोणाला सिद्ध करत बसावे लागले नाही, कारण उत्खननाची टिपणे सव्वाशे वर्षे जपली गेली होती.

जगातही अभिरक्षकाची कल्पना बदलते आहे. आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेने ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तीत सर्वांसाठी खुले असणे आणि समाजाचा सहभाग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अभिरक्षकाने आता लोकांना सांगायचे तसे लोकांना विचारायचेही आहे. याचाही अनुभव आम्ही घेतला. काकांना तोंड दाखवायची लाज वाटू लागली, तेव्हा आम्ही फोटोची पाठ गटावर टाकली आणि विचारले, ‘यांना कोण ओळखते?’ नऊ नावांपैकी चार पुसट होती. कन्नडच्या एका बाईंनी एक ओळखले, तो त्यांचा मामा. दुसरे वैजापूरहून कळले. तिसऱ्याचे घराणे मुंबईला गेल्याचे कोणी सांगितले. एक मुलगा अजून अनोळखी आहे, डावीकडून दुसरा, अनवाणी.

असले काम करायला मोठी पदवी लागते, असे नाही. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीत आणि शेतांत सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती आयुष्यभर जमवल्या; आज तिथे त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. नागपूरजवळ चिंचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखनयंत्र आहे, ते वामनराव गोडबोले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे. पुण्याच्या सिंबायोसिसमध्ये बाबासाहेबांचे व्हायोलिन पाहता येते, कारण माईसाहेबांनी त्यांच्या वस्तू जपल्या आणि दिल्या. आपल्या मराठवाड्यात १९७८ ते १४ जानेवारी १९९४ एवढा प्रदीर्घ नामांतराचा लढा झाला. त्याची पत्रके, तुरुंगातून आलेली पोस्टकार्डे, गाण्यांच्या वह्या घरोघर होत्या. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला त्यांचे वजन करतो, आणि ज्यांना त्यांचा अर्थ माहीत आहे ती माणसे सत्तरी ओलांडून गेली आहेत.

म्हणून संस्थेपुढे आम्ही एक प्रस्ताव ठेवला होता आणि कार्यकारिणीने तो मान्य केला. विहाराच्या मागच्या खोलीत एक गोदरेजचे कपाट आणि एक नोंदवही, एवढाच बारदाना. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही तिथे बसणार आहोत. विद्यार्थ्यांपैकी चौघांनी आळीपाळीने यावे. मूळ वस्तू आमच्याकडे ठेवलीच पाहिजे, असा आग्रह नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढू, नोंद करू आणि वस्तू घरी परत नेता येईल.

येताना काही पथ्ये पाळा. जुना फोटो लॅमिनेट करू नका. उष्णतेने तो कायमचा बिघडतो आणि पाठ वाचता येत नाही. फाटला असेल तर सेलोटेप लावू नका. मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने कदापि नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र आकसते आणि बारीक अक्षरे जातात. आणि शक्य झाले तर आजी-आजोबांना सोबत आणा. त्यांच्यासाठी खुर्ची आणि चहा आहे.

नोंदवहीतील पहिला क्रमांक त्या फोटोचा आहे. वेरूळ, दहावे लेणे, डिसेंबर १९६८, मध्यभागी वसतिगृहाचे रेक्टर, त्यांचे संपूर्ण नाव, आणि पुढे आठ मुलांची नावे. डावीकडून दुसऱ्या मुलासमोरची जागा कोरी ठेवली आहे. फोटो बाहेरच्या टेबलावर मांडला आहे, जाताना प्रत्येकाने पाहावा. काका तिथेच बसले आहेत; कोणाला काही आठवले तर त्यांनाच सांगा. जयभीम.