गावाचं पान कोण लिहिणार?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



वेळ थोडा आहे, म्हणून थेट विषयावर येतो. विकिपीडिया आपण सगळे मोबाइलवर वाचतो. तो लिहितं कोण? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. तिथं पगारी लेखक नाहीत. ‘संपादन’ दाबलं की पान लिहायला उघडतं, तुम्हालाही आणि मलाही.

मग कुणी खोटंनाटं लिहिलं तर? आपला सातबारा आठवा. त्यावरचं नाव बदललं तरी केव्हा आणि कशामुळे बदललं, ते फेरफार नोंदवहीत राहतं. तसा इथं प्रत्येक पानाला ‘इतिहास’ असतो. कोणत्या दिवशी, कोणी, कोणता शब्द बदलला ते सगळं दिसतं. खोडसाळपणा दिसला की कुणीही जुना मजकूर परत आणतो. वाद घालायचा तो ‘चर्चा’ पानावर, लेखात नाही. मात्र ज्या पानावर कुणाची नजर नाही, तिथली चूक वर्षानुवर्षं तशीच राहू शकते.

आणि आपल्या गावांच्या पानांवर नजर कुणाची असणार? उघडून पाहा. अमुक गाव पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात आहे, एवढं एक वाक्य. खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे असे मथळे. मजकूर नाही, किंवा सगळ्या गावांना एकच. त्यात शिरूर कासार बीडमध्ये, शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. बाहेरच्या माणसाचा घोळ व्हायचाच.

घोडगंगा कारखाना न्हावऱ्यात आला, त्यानंतर शेती कशी बदलली, हे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. पण ‘आमचे आजोबा सांगायचे’ हे तिथं चालत नाही. गॅझेटियर, जनगणनेची पुस्तिका, वर्तमानपत्र असा छापील आधार द्यावा लागतो, आणि तोही आपल्या शब्दांत मांडून; जसाच्या तसा उतरवायचा नाही. खेड्यांवर हा नियम जरा अन्याय करतो, कारण आपलं बरंचसं कुणी छापलेलंच नाही. तरी मला तो पटतो. नाहीतर प्रत्येक गाव पांडवांनीच वसवलं असतं!

तेव्हा ज्यांच्या घरी काही छापील असेल, गावावरचं पुस्तक, कारखान्याचा जुना अहवाल, वर्तमानपत्राचं कात्रण, त्यांनी जेवणानंतर मला भेटावं. लॅपटॉप आणला आहे. शाळेच्या पानावर मात्र ‘नावाजलेली’ हा शब्द मी घालणार नाही. सर, तेवढं समजून घ्या.