‘वसई’मध्ये अक्षरं किती?

आज माझीच एक चूक सांगणार आहे, आणि त्या निमित्ताने टेक्स्ट फाइलमधल्या एका न दिसणाऱ्या अक्षराबद्दल बोलू. कोड न लिहिणाऱ्यांनीही थांबा, फार अवघड नाहीये.

आमच्या एका प्रोजेक्टमध्ये पालघर जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांची यादी होती. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीवर एक नाव: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडे, विक्रमगड आणि शेवटी वाडा. प्रोग्राम ही यादी वाचतो आणि आलेले अर्ज तालुक्याप्रमाणे मोजतो. टीममध्ये नालासोपाऱ्याचा एक मुलगा नवीनच लागला होता. त्याला म्हटलं, ‘मोखाडे’चं ‘मोखाडा’ कर. एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये सात तालुक्यांपुढे शून्य. फक्त वाड्याचा आकडा बरोबर.

मी तेव्हा विरार फास्टमध्ये, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला. मोबाइलवरच त्याचा बदल उघडला. सात ओळी लाल, सात हिरव्या. म्हणजे गिटच्या मते त्याने सात ओळी पुसून नव्याने लिहिल्या होत्या. माझं डोकं फिरलं. ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, “एक नाव बदलायचं होतं, अख्ख्या यादीला हात कशाला लावलास?” त्याचं उत्तर आलं, “दादा, मी एकच ओळ बदलली.” तेवढ्यात नायगाव-भाईंदरमधला खाडीचा पूल आला, नेटवर्क गेलं, आणि मी ठरवूनच टाकलं की हा थापा मारतोय.

ऑफिसात पोचून दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या. ‘वसई’ इकडे, ‘वसई’ तिकडे. काना-मात्रेचाही फरक नाही. शेवटी वैतागून प्रोग्रामलाच विचारलं, या शब्दाची लांबी किती? व, स, ई. तीन यायला हवी. आली चार! चौथ्या अक्षराचा कोड काढला: १३.

हा १३ म्हणजे कॅरेज रिटर्न. तुमच्या घरात कुणी टायपिंगच्या परीक्षा दिल्या असतील तर त्यांना विचारा. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, तशा मशीनवर ओळ संपत आली की घंटी वाजायची. मग डावीकडचा दांडा ढकलायचा. त्याने दोन कामं व्हायची: कागद एक ओळ वर सरकायचा आणि कॅरेज पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचं. पुढे टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे कोड मिळाले. सुरुवातीला जाण्याचा १३, पुढच्या ओळीचा, म्हणजे लाइन फीडचा, १०.

कॉम्प्युटर आले, कॅरेज गेलं, कोड राहिले. युनिक्सवाल्यांनी एकटा १० ठेवला, लिनक्सने तोच घेतला. डॉसने १३ आणि १० अशी जोडी ठेवली, ती विंडोजमध्ये आली. जुन्या मॅकवर तर एकटा १३ होता. मॅक ओएस टेन आल्यावर तेही १० वर आले. आणि विंडोजच्या नोटपॅडला २०१८ पर्यंत एकटा १० कळतच नव्हता, लिनक्सवरची फाइल त्यात एकाच लांबलचक ओळीत दिसायची.

आमच्या पोराने काय केलं होतं? विंडोजवर यादी नवीन फाइलमध्ये पेस्ट केली, एक नाव सुधारलं, सेव्ह केली. प्रत्येक एंटरच्या आधी १३ चिकटला. आमचा प्रोग्राम फक्त १० वर ओळी तोडत होता, त्यामुळे १३ नावाला लटकून राहिला आणि नाव जुळेना. वाड्यानंतर एंटरच नव्हता, म्हणून वाडा सुटला. आठवी ओळ लाल झालेली नव्हती, हे मी ट्रेनमध्ये पाहिलंही होतं. तिथेच थांबून विचार केला असता तर!

आणि तो प्रोग्राम कुणी लिहिला होता? मीच.

उपाय पाच मिनिटांचा होता. ओळी तोडताना १० च्या आधी १३ असेल तर तोही काढायचा. रेपोमध्ये डॉट गिटअ‍ॅट्रिब्यूट्स नावाची फाइल टाकून टेक्स्ट फाइलींना ‘ईओएल इज इक्वल टू एलएफ’ लिहायचं, म्हणजे कुणाच्याही मशीनवर चेकआउट केल्यावर फाइलमधल्या ओळी १० नेच तुटतात. विंडोजच्या बॅच फाइली मात्र त्यातून वगळा, त्यांना जोडीच लागते. आधीच्या फाइली एकदा ‘गिट अ‍ॅड, डॅश डॅश रिनॉर्मलाइज’ने सारख्या करा, पण त्या कमिटमध्ये दुसरं काहीही घालू नका. आणि अख्खी फाइल लाल दिसली तर ओरडण्याआधी ‘गिट डिफ, डॅश डब्ल्यू’ मारा. त्यात रिकाम्या जागांचे आणि या १३ चे फरक गळून जातात. मी मारल्यावर एकच ओळ उरली. मोखाडा.

ग्रुपवर ओरडलो होतो, म्हणून माफीही ग्रुपवरच मागितली. संध्याकाळी चहाला तो म्हणाला, “दादा, मी ती फाइल तीनदा उघडून बघितली. मग मलाच वाटायला लागलं, सात ओळी मीच बदलल्या असतील.”

चहाचे पैसे मी दिले. भेटू पुढच्या भागात.