इसबावर बिब्बा



गेटसभांत ओरडणारा माणूस इसबावर बोलायला उभा राहिला म्हणून काहींना हसू आले असेल. शाळा माझी सातवीतच सुटली. पण कामगारांचे हात मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक टर्नर माझ्याकडे आला. दिवसभर लेथवर हात कूलंटमध्ये. बोटांच्या बेचक्यांत आधी खाज, मग लस, मग भेगा. शेजारच्या आजीबाईंनी बिब्ब्याचे तेल लावायला सांगितले. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजून फोडांनी भरला. बिब्बा ‘उतला’, असे आपण म्हणतो. भाषा सावध करीत होती, आपणच ऐकले नाही!

बिब्बा आंब्याच्याच कुळातला. त्याच्या रसाने परीट कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर नेमके त्या खुणांच्या जागी पुरळ उठले. त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली ते नोंदवूनही ठेवले. धडधाकट कातडीची ही गत, तर भेगाळलेल्या हातात तेच तेल ओतल्यावर काय होणार?

लिंबू, लसूण, रॉकेल यांचीही तीच कथा. साध्या खोबरेलाला माझी हरकत नाही. मित्राने दिलेल्या ट्यूबला मात्र आहे. तिच्यात स्टेरॉइड असले आणि रोग इसब नसून नायटा असला, तर वरून खाज थांबते आणि आत नायटा पसरत जातो.

आता त्या टर्नरचे पुढचे ऐका. १९४८च्या कारखाने कायद्यात सरकारला कळवावयाच्या रोगांची यादी होती आणि रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचारोग तीत होता. आम्ही तो कायदा घेऊन गेलो. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, “हात कूलंटने नव्हे, बिब्ब्याने गेला.” ते खोडून काढायला आमच्या हाती काय होते? त्वचेचे डॉक्टर म्हणाले, संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर लावून दोन आणि चार दिवसांनी पाहू. पण कातडी अशी भडकलेली असताना नाही, आधी ती शमू दे. पगार बंद, घरी चार तोंडे. चाचणीची तारीख आली तेव्हा तो हिशेब घेऊन गावी गेला होता. त्याच्या लेथवर दुसरा पोरगा उभा होता, त्याच कूलंटमध्ये, उघड्या हातांनी.