अंगणवाडीची मदतनीस : काम आहे, नोकरी नाही



शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. एका बाजूस रांजणगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस कुरकुंभची आणि दोन्ही काठांवर उसाचे मळे. येथील तरुणांच्या रोजगाराची चर्चा सतत होत असते. परंतु बारावी झालेल्या आणि घरसंसारामुळे गाव सोडू न शकणाऱ्या स्त्रीने कोणते काम शोधावे, ही चर्चा अंगणवाडीच्या भरतीची जाहिरात निघाली म्हणजे चार दिवस होते आणि विरून जाते. म्हणून अंगणवाडी मदतनिसेच्या कामाला भवितव्य आहे काय, हा प्रश्न सरळपणे विचारला पाहिजे.

या प्रश्नाचा वारसा या परिसरातच आहे. दौंड तालुक्यातील केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रियांना शिक्षण आणि उद्योग देऊन उभे केले. त्याच रमाबाईंनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालशिक्षण पद्धतीचा अभ्यास केला होता. शेजारच्या बारामती तालुक्यातील मोरगाव हे अनुताई वाघांचे जन्मगाव. ताराबाई मोडकांसमवेत त्यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. लहान मुलांना वाढविणे हे शिकून करावयाचे काम आहे, तो स्त्रीचा उपजत धर्म म्हणून फुकट घेण्याची गोष्ट नव्हे, हे या स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्याने दाखवून दिले.

शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. अंगणवाडी उचलली, पण तिच्यामागचा विचार अर्धाच उचलला. काम करणारीला वेतन नव्हे, मानधन ठरले. मदतनिसेच्या वाट्याला प्रारंभी दरमहा ३५ रुपये आले. केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये आपले मानधन १,५०० वरून २,२५० रुपये केले. राज्याची भर धरून महाराष्ट्रात २०२३ च्या अर्थसंकल्पात ते ४,४२५ वरून ५,५०० रुपये जाहीर झाले आणि २०२४ मध्ये ७,५०० रुपयांवर गेले. ही वाढ आपोआप झालेली नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस राज्यातील सेविका व मदतनीस संपावर होत्या, हे विसरता येणार नाही.

मदतनीस करते काय? ती केंद्र उघडते, झाडलोट करते, पाणी भरते, मुलांना घरोघरून गोळा करून आणते, आहार वाढते, भांडी घासते. सेविका गृहभेटीला, सर्वेक्षणाला किंवा बैठकीला गेली म्हणजे मुलांना गोष्ट सांगणारी, रडणाऱ्याला उगी करणारी तीच असते. त्या वेळेपुरती ती शिक्षिकाच असते. फरक फक्त हजेरीपटावरच्या शब्दाचा.

आता संधींचा हिशेब पाहू. मिनी अंगणवाड्यांचे पूर्ण अंगणवाडीत रूपांतर झाले की तेथे मदतनीस लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन वर्षांवरील बालकांचे शिक्षण पायाभूत टप्प्यात घेतले आहे. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदे पाच वर्षे काम केलेल्या पात्र मदतनिसांतून भरावयाची आहेत. सेविकेला पुढे मुख्यसेविका होण्याचा मार्ग आहे. म्हणजे कागदावर शिडी उभी आहे.

प्रत्यक्षात पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. महाराष्ट्रात २०२३ पासून मदतनिसेलाही बारावी उत्तीर्ण असण्याची अट लागली; योग्यता वाढली, दर्जा वाढला नाही. निवड त्याच गावच्या रहिवासी स्त्रीची होते. त्यामुळे अविवाहित मुलगी हे पद घेते तेव्हा लग्नानंतर ते सुटण्याची टांगती तलवार तिच्या डोक्यावर असते. किमान वेतन कायद्याने रांजणगावच्या कंत्राटी कामगार स्त्रीला निदान दाद मागण्याचा आधार दिला आहे. मदतनिसेला तोही नाही. आणि उसाच्या हंगामात बाहेरून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्यांतून जी मुले वाढतात, त्यांना सांभाळणारे हात अपुरे पडतात, कारण पदे ठरतात ती गावच्या वस्तीवरून. काम वाढते, पदे वाढत नाहीत.

कायद्याची भूमिकाही एकसारखी राहिलेली नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील प्रकरणात अंगणवाडी कर्मचारी नागरी पदावर नाहीत असे ठरविले. २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार मानावे अशी शिफारस केली. २०२२ मध्ये गुजरातमधील प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनिसांचा उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला आणि मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच आहे असे म्हटले. निवृत्तीच्या दिवशी जी कामगार ठरते, ती कामाच्या तीस वर्षांत कोण होती, या प्रश्नाचे उत्तर शासनाने दिले पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. मदतनिसेला कामगाराचा दर्जा आणि किमान वेतन द्यावे. बालशिक्षणाचे प्रशिक्षण सेविकेइतकेच तिलाही, कामाच्या वेळेत आणि शासनाच्या खर्चाने मिळावे. विवाहाने गाव बदलल्यास बदलीची सोय असावी. हंगामी वस्त्यांसाठी स्वतंत्र पदे मंजूर व्हावीत. पदोन्नतीची यादी दरवर्षी प्रसिद्ध व्हावी.

शिरूर-दौंडच्या मुलींनी हे पद नाकारावे असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी ते जरूर घ्यावे, परंतु रुजू होतानाच संघटनेचे सभासदत्वही घ्यावे. ग्रामसभांनीही केवळ इमारतीच्या रंगाची नव्हे, आत राबणाऱ्या स्त्रीच्या वेतनाची चौकशी करावी. गावातील सर्वांत लहान मुलांना जी सांभाळते, तिची नोकरी सर्वांत कच्ची असावी, ही व्यवस्था बदलण्याचे काम तिच्या एकटीचे नाही.